पाच गोळ्यांची एक गोळी

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात घरापासून करते, कारण हा विषय माझ्या डोक्यात तिथूनच शिरला.

माझ्या आजोबांकडे, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात गोळ्या असायच्या. तात्या एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर सुट्या पैशांचा हिशेब केलेला माणूस. अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी पाच गोळ्या लिहून दिल्या. नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत. सकाळची पांढरी, जेवणानंतरची पिवळी, झोपतानाची गुलाबी, असा त्यांचा मामला. सहा-आठ महिने सगळं शिस्तीत चाललं. मग बरं वाटायला लागलं. आणि बरं वाटायला लागलं की काय होतं, ते तुम्हाला तुमच्या घरातही दिसलं असेल. तात्यांनी स्वतःच एक वेळापत्रक बसवलं: आज या दोन, उद्या त्या तीन. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरायचं. कुणाला सांगितलं नाही. दीड वर्षाने दुसरा अटॅक आला. वाचले, पण त्यानंतर जिना चढणं कायमचं बंद झालं. नंतर आजीने डबा आवरला, तेव्हा गुलाबी गोळ्यांच्या अकरा स्ट्रिपा निघाल्या. एकही फोडलेली नव्हती.

मी तेव्हा अकरावीत होते. मी आजीला विचारलं, “या पाचांची एकच गोळी का नाही करत?” आजी म्हणाली, “अगं, करता आली असती तर केली नसती का?”

तर गंमत अशी आहे की करता येत होती. तात्यांचा दुसरा अटॅक २०१२ चा. त्याच्या तीन वर्षं आधी अशा गोळीचा अभ्यास छापून आला होता, आणि तोही भारतात झालेला. या गोळीला पॉलीपिल म्हणतात. तिच्यात नवं औषध एकही नाही. सगळी जुनी, स्वस्त, पेटंट संपलेली औषधं. तरीही कल्पना छापून आली तिथपासून जागतिक आरोग्य संघटनेने तिला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं तिथपर्यंत तब्बल २० वर्षं गेली. एवढा उशीर का झाला, ती आजची गोष्ट.

थोडं मागे जाऊ. १२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट दुपारी डोकं दुखतंय म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव. त्या वेळी त्यांचं बीपी मोजलं गेलं, ३०० वर १९०. त्याच्या आधीचं वर्षभरही ते भरपूर जास्त होतं आणि डॉक्टरांना ते दिसत होतं. पण जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या डॉक्टरकडे बीपी उतरवायचं धड औषध नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढंच.

चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईच्या एका डॉक्टरचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. डॉ. रुस्तम जाल वकील. विषय होता सर्पगंधा. हो, आपली आयुर्वेदातली सर्पगंधा, जिच्या मुळीला बिहारकडे पागल की दवा म्हणायचे. तिने बीपी उतरतं हे कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं, पण ते देशाबाहेर फारसं कुणी वाचलं नाही. वकिलांनी रुग्णांवर पद्धतशीर चाचणी केली, आकडे मांडले, आणि जगाने कान टवकारले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेझर्पीन वेगळं काढलं. पुढे १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईत आज किती जणांना हे नाव माहीत आहे? मलाही या भागाच्या तयारीतच कळलं.

सर्पगंधा इथे का आणली? कारण बीपीवर औषधांची मोट बांधायला सुरुवात झाली, तेव्हा त्या मोटेत रेझर्पीन होतं. अमेरिकेत एडवर्ड फ्राइस नावाचे डॉक्टर माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काम करायचे. बीपी उतरवलं तर माणूस खरंच वाचतो का, यावर तेव्हा वाद होता. बीपी वाढणं ही शरीराची गरज आहे, ते उतरवू नका, असं म्हणणारे मोठमोठे डॉक्टर होते. फ्राइस यांनी बीपी खूप जास्त असलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना तीन औषधं दिली: लघवीवाटे पाणी-मीठ काढणारं एक, रेझर्पीन आणि हायड्रॅलझीन. उरलेल्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या, म्हणजे प्लसीबो. १९६७ मध्ये निकाल आला. प्लसीबोवाल्यांत २७ जणांना गंभीर काहीतरी झालं, औषधवाल्यांत दोघांना. २७ आणि २. हा निकाल समजायला संख्याशास्त्र लागत नाही. आणि लक्षात घ्या, हा विजय कुठल्या एका औषधाचा नव्हता, तिघांचा मिळून होता.

पुढची २०-२५ वर्षं म्हणजे हृदयाच्या औषधांची दिवाळी. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी बीटा ब्लॉकर आणलं, हृदयाची धडधड आवरणारं. ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषावरून धागा सापडला आणि १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल आलं. आज लिहून देतात ती रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही त्याचीच भावंडं. जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीत कोलेस्टेरॉल रोखणारा पदार्थ शोधला, त्यातून स्टॅटिन औषधं उभी राहिली. पहिलं १९८७ मध्ये बाजारात आलं. आणि ॲस्पिरिन तर १८९७ पासून होतंच, डोकेदुखीवर. १९८८ मध्ये १७ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या एका अभ्यासात दिसलं की अटॅक आल्या आल्या ॲस्पिरिन दिलं तर मृत्यू कमी होतात.

थोडक्यात, नव्वदीच्या दशकात हत्यारं सगळी तयार होती. आता गणित.

सलीम युसूफ यांचं नाव ऐकलंय? केरळचे. बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये एमबीबीएस, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग कॅनडातलं मॅकमास्टर विद्यापीठ. २००२ मध्ये त्यांनी लॅन्सेटमध्ये एक छोटा लेख लिहिला. मुद्दा इतकाच की यातलं प्रत्येक औषध धोका साधारण पाव हिश्शाने कमी करतं आणि प्रत्येकाची काम करायची जागा वेगळी आहे. मग चारही दिली तर? बघा, १०० लोकांना अटॅक येणार होता असं धरा. पहिल्या औषधाने राहिले ७५. दुसऱ्याने ५६. तिसऱ्याने ४२. चौथ्याने ३२. दोन तृतीयांश धोका गेला. युसूफ यांचा स्वतःचा अंदाज तर तीन चतुर्थांशांपर्यंत गेला होता. ज्यांना आधीच हृदयविकार आहे, त्यांच्याबद्दल ते बोलत होते. म्हणजे तात्यांबद्दल.

वर्षभराने लंडनच्या निकोलस वॉल्ड आणि माल्कम लॉ या दोघांनी खरा बॉम्ब टाकला. २८ जून २००३ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलचा अंक. त्यांची कल्पना अशी: एका गोळीत सहा औषधं घाला. एक स्टॅटिन, बीपीची तीन औषधं प्रत्येकी निम्म्या डोसमध्ये, थोडं ॲस्पिरिन आणि फॉलिक ॲसिड. आणि ती ५५ वर्षांवरच्या प्रत्येकाला द्या. बीपी मोजू नका, कोलेस्टेरॉल तपासू नका, सरळ द्या. त्यांचा हिशेब होता की हृदयविकार ८८ टक्क्यांनी आणि पक्षाघात ८० टक्क्यांनी कमी होतील. पॉलीपिल हे नाव रुजलं ते इथून. नियतकालिकाचे संपादक रिचर्ड स्मिथ यांनी तर हा अंक ५० वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा ठरेल की काय, अशा अर्थाचं लिहून टाकलं.

निम्म्या डोसचं डोकं मला फार आवडतं, म्हणून दोन मिनिटं त्यावर. या जोडीने ३५४ चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या. बीपीच्या औषधाचा डोस निम्मा केला तर परिणाम निम्मा होत नाही, साधारण पाचव्या हिश्शानेच घटतो. त्रास मात्र खूपच कमी होतो. मग एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा तीन औषधं थोडी थोडी द्यावीत. आपल्या स्वयंपाकात हे सगळ्यांना कळतं. भाजी नीट जमली नाही म्हणून कुणी नुसतं तिखट वाढवत बसत नाही.

आता एवढी चांगली कल्पना, तर लोकांनी डोक्यावर घ्यायला हवी होती. झालं उलटं. डॉक्टर चिडले. त्यांचं शिक्षणच असं की प्रत्येक रुग्ण वेगळा, त्याला मापून औषध द्यायचं. ही काय रेशनची साखर आहे का, सगळ्यांना सारखी? दुसरा आक्षेप जास्त खोल होता. ५५ व्या वर्षी धडधाकट माणसाला उद्यापासून तू रुग्ण आहेस म्हणायचं? मरेपर्यंत रोज गोळी? आणि गोळी आहे म्हटल्यावर लोक चालायला कशाला जातील, वडापाव कशाला सोडतील? हा आक्षेप मला आजही पूर्णपणे खोटा वाटत नाही. शिवाय वॉल्ड आणि लॉ यांनी या गोळीच्या पेटंटसाठी आधीच अर्ज केलेला होता. लेखातच तसं सांगितलं होतं, लपवलं नव्हतं, पण नाकं मुरडायला तेवढं पुरलं.

याची एक खुसखुशीत टिंगलही झाली. २००४ च्या नाताळ अंकात त्याच नियतकालिकात पॉलीमीलचा प्रस्ताव आला. गोळी कशाला, रोज थोडी वाइन, डार्क चॉकलेट, बदाम, लसूण, फळं-भाज्या आणि अधूनमधून मासे खा, धोका ७५ टक्क्यांहून जास्त घटेल. गणित अगदी वॉल्ड-लॉ पद्धतीचं, तितकंच गंभीर चेहऱ्याने मांडलेलं. वर प्रेमाच्या भेटीआधी लसूण नको, अशी सूचनाही होती.

पण गोळी अडली ती टिंगलीमुळे नाही. खरी अडचण पैशांची होती, आणि ती उलटी होती: गोळी फार स्वस्त होती. पेटंट संपलेल्या औषधांच्या गोळीत नफा कितीसा? आणि ती विकायची परवानगी हवी तर आधी हजारो माणसांवर पाच-पाच वर्षांची चाचणी करून दाखवा. त्याचा खर्च अवाढव्य. मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली.

इथे मुंबईची आणखी एक आठवण काढावी लागेल. २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं एका गोळीत घातली आणि वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचे तेच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होते. हे शक्य झालं कारण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर मिळत होतं. त्यामुळे तीन वेगळ्या कंपन्यांची औषधं एका गोळीत घालायला इथे कुणाला विचारावं लागलं नाही. तीनाची एक गोळी गरीब देशांत काय करू शकते हे एड्सने दाखवलं होतं. हृदयाच्या बाबतीतही पहिलं पाऊल भारतातच पडलं, यात नवल नाही.

अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने पॉलीकॅप नावाची कॅप्सूल बनवली. पाच औषधं आत. हे वाटतं तितकं सोपं नसतं हं. ॲस्पिरिनला ओल लागली की ते फुटतं आणि व्हिनेगरसारखा वास येतो. असं औषध चार शेजाऱ्यांना न बिघडवता एका कॅप्सूलमध्ये वर्षभर टिकलं पाहिजे. युसूफ आणि बंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या मंडळींनी देशातल्या ५० केंद्रांवर २,०५३ लोकांवर तिची चाचणी केली. २००९ मध्ये निकाल आला: बीपी उतरलं, कोलेस्टेरॉल उतरलं, पाच औषधं एकत्र असूनही त्रास वाढला नाही. पण अभ्यास १२ आठवड्यांचा होता. अटॅक कमी होतात का, हे त्यातून कळणार नव्हतं. धोका साधारण ६२ टक्क्यांनी घटेल, हा पुन्हा अंदाजच. डॉक्टर म्हणाले, अंदाज नको, माणसं दाखवा.

दरम्यान दोन आकडे आले, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा जीव त्यांच्यात आहे.

पहिला २०११ चा. युसूफ यांच्याच गटाने १७ देशांत घरोघरी जाऊन विचारलं: ज्यांना आधी अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, ते आज काय घेतात? श्रीमंत देशांत काहीच न घेणारे ११ टक्के निघाले. गरीब देशांच्या गटात, ज्यात भारत होता, ८० टक्के. म्हणजे दहातले आठ जण एकही औषध घेत नव्हते. हे वाचलं तेव्हा मला तात्यांचा राग येणं थांबलं. ते निदान निम्म्या तरी घेत होते.

दुसरा २०१३ चा. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने बनवलेली चार औषधांची गोळी, भारत आणि युरोप मिळून २,००४ रुग्ण. निम्म्यांना एक गोळी, निम्म्यांना नेहमीसारखी वेगवेगळी औषधं. सव्वा वर्षाने पाहिलं तर एका गोळीवाले ८६ टक्के लोक नियमित घेत होते, बाकीच्यांपैकी ६५ टक्के. औषधं तीच. फरक फक्त गोळ्या मोजायच्या की नाहीत, एवढाच. आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो आधी गोळ्या चुकवणाऱ्यांचा.

माणसं दाखवा म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं ते इराणमधून. उत्तरेकडचा गोलेस्तान प्रांत, तिथली खेडी. रेझा मलेकझादे यांच्या गटाने ६,८३८ लोक घेतले, पाच वर्षं पाहिले. एका गटाला खाण्यापिण्याचा, व्यायामाचा सल्ला. दुसऱ्याला तो सल्ला आणि वर पॉलीपिल. एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला सुटतो, म्हणून त्यांच्यासाठी दुसरं औषध घातलेली वेगळी गोळीही ठेवली होती. २०१९ मध्ये निकाल लॅन्सेटमध्ये आला. नुसत्या सल्ल्याच्या गटात ३०१ जणांना अटॅक, पक्षाघात किंवा तसलं गंभीर काही झालं. गोळीच्या गटात २०२ जणांना. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे होते. म्हणजे तिसरा हिस्सा कमी. ८८ टक्के नव्हे हं. वॉल्ड आणि लॉ यांचं स्वप्न बरंच खाली आलं होतं. दुसऱ्या बाजूने बघा: साधारण ३४ जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तेव्हा एक जण वाचला. ३३ जणांना काही फरक पडला नाही, आणि तो एक कोण हे आधी सांगता येत नाही. हे कमी आहे का जास्त, तुम्ही ठरवा. ती गोळी काही रुपयांची असेल, तर मला ते खूप वाटतं.

मग २०२० मध्ये युसूफ यांची मोठी चाचणी. ५,७१३ लोक, त्यातले जवळपास निम्मे भारतातले. पॉलीपिल आणि ॲस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांत ४.१ टक्क्यांना त्रास झाला, प्लसीबोवाल्यांत ५.८. आणि २०२२ मध्ये युरोपातली, अटॅक येऊन गेलेल्या २,४९९ वयस्कर रुग्णांवरची, स्पेनच्या व्हॅलेंतीन फुस्टर यांची. तिच्यात तर प्लसीबो नव्हतंच, दोन्हीकडे औषधं होती, एकीकडे एका गोळीत आणि दुसरीकडे सुटी. तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू ५.८ वरून ३.९ टक्क्यांवर आले.

वाटेत गोळीही बदलली. फॉलिक ॲसिड गळलं, २००६ च्या मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. ॲस्पिरिनची इज्जतही थोडी गेली: २०१८ मध्ये एकामागोमाग तीन अभ्यास आले, की आधी हृदयविकार नसलेल्यांना रोजच्या ॲस्पिरिनचा फायदा थोडा आणि रक्तस्रावाचा धोका खरा. म्हणून आता दोन प्रकार बोलले जातात, अटॅक येऊन गेलेल्यांसाठी ॲस्पिरिनसह, बाकीच्यांसाठी बहुधा त्याविना. आणि हो, स्टेंट बसवल्यावर रक्त गोठू नये म्हणून जे दुसरं औषध देतात, ते या गोळीत नसतं. तेव्हा हा भाग ऐकून कुणी घरच्यांच्या गोळ्यांत हात घालू नका. तो उद्योग आमच्याकडे करून झालेला आहे.

जुलै २०२३. जागतिक आरोग्य संघटनेने पॉलीपिल आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. आधीचे अर्ज नाकारले गेले होते. २००३ ते २०२३, मोजून वीस वर्षं.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. भारतात एकत्रित गोळ्यांची कमी कधीच नव्हती, उलट सुळसुळाट होता. सर्दी-खोकल्याच्या, अँटिबायोटिकच्या काहीच्या काही जोड्या. मार्च २०१६ मध्ये कोकाटे समितीच्या अहवालानंतर सरकारने एका दिवसात ३४४ जोड्यांवर बंदी घातली. कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा ३२८ वर बंदी आली. बंदी रास्तच होती. पण त्यामुळे चार औषधं एका गोळीत म्हटलं की इथल्या चांगल्या डॉक्टरच्या कपाळाला आधी आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही.

मागच्या महिन्यात मी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारलं, पॉलीपिल आहे का. काकांनी दोन औषधांच्या, तीन औषधांच्या स्ट्रिपा काढून दाखवल्या. पाचवाली मागायला कुणी येत नाही म्हणाले. डॉक्टर लिहीत नाहीत, म्हणून ठेवत नाही.

तात्या दुसऱ्या अटॅकनंतर चार वर्षं होते. शेवटपर्यंत आजी गोळ्या स्वतःच्या हाताने त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. तोच डबा आता आईकडे आला आहे. तिला बीपी आहे. दिवाळीत गेले होते तेव्हा सहज उघडून पाहिला. दोन स्ट्रिपा अर्ध्या संपलेल्या होत्या. तिसरी कोरी. मी तिला काही बोलले नाही. या आठवड्यात तिच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी सोबत जाणार आहे, आणि डबा घेऊन जाणार आहे.